एकही नाव घ्यायचं नाही

"माईकवर एकही नाव घ्यायचं नाही," वरुटेकाका म्हणाले. "बाकी काय बोलायचं ते बोल."

मंगल कार्यालयाची भांडी ठेवायची खोली होती ती. बाहेर सनई वाजत होती, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, आणि हा माणूस मला पातेल्यांच्या आड नेऊन हे सांगत होता. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण वरुटेकाकांनी थट्टा केल्याचं येरळगावात कुणी ऐकलं नव्हतं.

माझा धंदा सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. मी लग्नातला निवेदक. आमच्या भागात लग्न म्हटलं की स्टेजच्या कडेला एक माणूस माईक धरून उभा असतो. आलेल्या पाहुण्यांची नावं घ्यायची, ते कुठल्या सोसायटीचे चेअरमन, कुठल्या गावचे माजी सरपंच हे सांगायचं आणि त्यांना सत्काराला वर बोलवायचं, हे त्याचं काम. माणसं जेवण विसरतात, पण आपलं नाव माईकवर आलं की नाही हे मरेपर्यंत विसरत नाहीत. माझं पोट या एका हौसेवर चालायचं आणि आजही चालतं.

"मग मी बोलू काय?" मी विचारलं.

"स्वागत कर. जेवून जा म्हण. उन्हाळा लई आहे म्हण."

"नवरा-नवरीचं नाव तरी?"

"ते गुरुजी घेतील."

"नवरीनं उखाणा घेतला तर?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "उखाण्यातलं चालेल. घराणं नको म्हणावं, नुसतं नवऱ्याचं."

मी मान डोलावली, कारण दुसरं काही करायची माझी ऐपत नव्हती. आदल्या साली एका मोठ्या लग्नात मी बँकेच्या आजी चेअरमनच्या आधी माजी चेअरमनचं नाव घेऊन बसलो होतो. मांडवात खुर्च्या उडाल्या, वराचे काका उपाशी परत गेले, आणि त्यानंतर मला कुणी माईकला हात लावू दिला नाही. अख्खा हंगाम मी मेहुण्याच्या पाइपच्या दुकानात बसून काढला. मेहुणा गिऱ्हाइकांसमोर मला 'आमचे वक्ते' म्हणून हाक मारायचा. वरुटेकाकांनी बोलावलं नसतं, तर मी आजही तिथंच कपलिंग आणि एल्बो मोजत बसलो असतो. हे लग्न नीट पार पडलं तर मी पुन्हा माझ्या धंद्यात, नाहीतर जन्मभर मेहुणा, असा सरळ मामला होता.

मुरलीधर वरुटे हा माणूस गावाला तसा रोज दिसायचा आणि तरी कुणाच्या लक्षात राहायचा नाही. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं पत्रावळी-द्रोणांचं दुकान. अर्ध्या बाहीचा शर्ट, जुनी स्कूटर, डोक्यावर पांढरी टोपी. गणपतीची वर्गणी देताना पावतीवर 'एक भक्त' लिहायला सांगायचे. देवळाच्या जीर्णोद्धाराला त्यांनी भरपूर दिलं होतं म्हणतात, पण फरशीवर नाव टाकू दिलं नाही. गावात काही जण त्यांना संत म्हणायचे, काही जण कवडीचुंबक. लग्नपत्रिकेत तर त्यांनी निमंत्रकांची यादीच गाळली होती. त्यामुळे सख्खे चुलतभाऊ रुसून बसले होते, आणि त्यांना समजवायला काकूंना दारोदार हिंडावं लागलं होतं.

फोटोग्राफरलाही ताकीद होती. स्टेजवरचं सगळं घ्यायचं, पाहुण्यांकडं कॅमेरा फिरवायचा नाही. तो बिचारा कॅमेरा छातीशी धरून एखाद्या पुतळ्यासारखा उभा होता.

वैदिक विधी सकाळीच उरकले होते. दुपारी अक्षता, मग पाठवणी. मधल्या वेळात मी वधूच्या खोलीबाहेर घुटमळत होतो, तर नवरीनं, हर्षदानं, मला आत बोलावलं. ती हिरव्या शालूत बसली होती. मागं तिची करवली उभी होती, वैजयंती नावाची, तिची शाळेतली मैत्रीण. मोरपिशी पैठणी, नाकात नथ, हातात पाण्यानं भरलेला करा. आल्यागेल्याकडं ती फार निरखून बघत होती.

"भोईकाका," हर्षदा म्हणाली, "बाबांनी नावं घेऊ नका म्हणून सांगितलंय ना? मग घेऊच नका. पण माझं एक काम करा. बाबांच्या धंद्यातल्या भागीदारांचे आभार मानायचे राहायला नकोत. अक्षता पडल्या की बाबांच्या मुख्य भागीदारांनी स्टेजवर यावं, एवढं म्हणा. नाव न घेता."

"पत्रावळ्यांच्या धंद्यात भागीदार आहेत?"

"आहेत," ती म्हणाली. "ते उठतील. तुम्ही फक्त 'मुख्य' म्हणा. तो शब्द विसरू नका."

"काका रागावले तर?"

"नाव घेतलं तर रागावतील. तुम्ही कुठं नाव घेताय?"

मला यात वावगं काही दिसलं नाही. लेकीला बापाच्या माणसांचा मान राखावासा वाटतोय, यात वाईट काय? शिवाय नुसतं उन्हाळा लई आहे म्हणत राहायची मला लाज वाटायला लागली होती. मी हो म्हटलं.

"अक्षता पडल्यावरच," करवली म्हणाली. "आधी नको."

लांबून आलेल्या पाहुण्यांची एक पंगत अक्षतेआधीच बसवतात आमच्याकडं. त्या पंगतीत मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे वाढपी. दोघा जणांनी पानाच्या डाव्या बाजूला मीठ-लिंबू वाढायच्या आधीच जिलेबी आणली. त्यातल्या एकानं मठ्ठा भाताच्या मुदीवर ओतला. दोघांचे केस बारीक कापलेले आणि पायात चकचकीत तपकिरी बूट. मी आचाऱ्याला विचारलं, ही नवीन पोरं कुठली आणलीस. तो म्हणाला, नवरीच्या मैत्रिणीनं लावून दिलीत, फुकट राबताहेत, आपण कशाला बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन पाहुणे. तिघांना काकांनी मांडवाच्या तीन कोपऱ्यांत बसवलं होतं. एका कोपऱ्यात गलांडे तात्या. या तात्याचं नाव आमच्या तीन तालुक्यांत पोरांना भीती घालायला वापरायचे. पोल्ट्रीची शेडं होती त्याची, पण त्या शेडांत कोंबडी बघितलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. तिथं नशेची पावडर बनते असं लोक दबक्या आवाजात बोलायचे. पोलिसांनी त्याला दोनदा उचललं होतं. दोन्ही वेळा मुंबईचा वकील आला, जामीन झाला, आणि जप्त झालेल्या शेडाच्या जागी महिन्याभरात नवं शेड उभं राहिलं. एवढा पैसा त्याच्यामागं कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यात जमदाडे, ट्रकांचा मालक. तिसऱ्यात पिंटूशेठ म्हणून कुणी पुण्याकडचा, दहाही बोटांत अंगठ्या. काकांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, हे पत्रावळीच्या मशिनवाले, हे कागदवाले, हे घाऊक गिऱ्हाईक.

तात्यासारखा माणूस पत्रावळीची मशिन विकतो यावर माझा विश्वास बसला नाही. पण मी पोटासाठी आलेला माणूस, मी गप्प बसलो.

गंमत पुढंच आहे. आमच्याकडं मानाच्या पाहुण्याला फेटा बांधतात आणि बाकीच्यांना टॉवेल-टोपी देतात. काकांनी सरसकट सगळ्यांना टॉवेल-टोपी ठेवली होती, म्हणजे कुणी उठून दिसायला नको. तात्याच्या मांडीवर कुणीतरी टॉवेल-टोपी आणि नारळ ठेवून गेलं. तात्या त्या टॉवेलाकडं असा बघत होता, जणू कुणी त्याच्या ताटात माती टाकली होती.

थोड्या वेळानं त्याचा माणूस माझ्याकडं आला. तात्यांचं नाव घ्या म्हणाला. मी हात जोडले, काकांची ताकीद सांगितली. तो गेला, तर जमदाड्याचा माणूस आला. तात्याचं नाव घेणार असाल तर आमचं आधी घ्या, असा त्याचा निरोप. मग पिंटूशेठ स्वतः आला, आणि त्यानं काही न बोलता माझ्या खिशात एक नोट सरकवली. मी ती तशीच परत दिली, मनावर दगड ठेवून.

मी काकांना गाठून सगळं सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण आवाज तसाच बारीक. "त्यांना म्हणावं, घरी येऊन भेटतो. आज नाव नाही." मग थोडं थांबून ते म्हणाले, "भोई, तू अडचणीत आहेस म्हणून मी तुला बोलावलं. मोकळ्या माणसानं माझं ऐकलं नसतं. मला तोंडघशी पाडू नकोस."

खरं सांगतो, त्या वेळी मला त्यांची कीव आली. स्वतःच्या लेकीच्या लग्नात चोरासारखा वावरणारा बाप मी पहिल्यांदाच बघत होतो.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या, बँड वाजला, हार घातले गेले. केदार, म्हणजे नवरा मुलगा, पोरगा साधासुधा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेला, औषधाच्या कंपनीत नोकरीला, आणि हार पडला तसा चष्मा सावरत उभा राहिलेला. हर्षदानं माझ्याकडं बघितलं. मी माईक उचलला.

"मंडळी," मी म्हटलं, "वरुटेकाकांच्या धंद्यात ज्यांनी खांद्याला खांदा लावून साथ दिली, असे काकांचे मुख्य भागीदार आज आपल्यात बसले आहेत. काकांना नाव घेतलेलं आवडत नाही, म्हणून मी नाव घेत नाही. ज्यांचं त्यांना ठाऊक आहे. तर त्या मुख्य भागीदारांनी स्टेजवर यावं आणि वधूवरांना आशीर्वाद द्यावेत."

काकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

तिन्ही कोपऱ्यांतून तीन माणसं एकदमच उठली. तिघांनी कपडे झटकले, तिघं रुबाबात निघाले, आणि तिघांची गाठ स्टेजच्या पायरीवर पडली. मला वाटलं, आता हसून एकमेकांना आधी जा म्हणतील. कुणी जागचं हललं नाही.

"तुला कुणी बोलावलं?" तात्या जमदाड्याला म्हणाला. "मुख्य म्हणला त्यो."

"म्हणून तर मी आलोय," जमदाडे म्हणाला.

पिंटूशेठ मधून सटकून वर चढायला गेला, तर तात्यानं त्याची कॉलर धरली. तिघंही एकमेकांना ढकलत स्टेजवर आले. काका हात जोडून पुढं झाले, तिघांच्या कानात एकेक करून तेच वाक्य पुटपुटले. तेच चुकलं. तिघांनाही ते ऐकू गेलं.

"ह्येच तू मला म्हणालास काल," तात्या काकांवर ओरडला. "तुमच्याशिवाय मला कोण हाय, तात्या, मुख्य तुम्हीच. आन् ह्यालाबी त्येच?"

"मला दिवाळीत म्हणालेत," जमदाडे म्हणाला.

"मला दर महिन्याला म्हणतात," पिंटूशेठ म्हणाला.

मी माईक मागं घ्यायला हवा होता, पण तात्यानं तो माझ्या हातातून हिसकावून घेतला. आता लोकांनाच ऐकू दे, म्हणाला. माल तयार कोण करतो, गलांडे. जमदाडे त्याच्या खांद्यावरून माईकमध्ये वाकून म्हणाला, तयार करून काय शेडात पुरणार, वाहून कोण नेतं. पिंटूशेठ म्हणाला, नेऊन काय उपयोग, विकतो कोण. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, पत्रावळीवरनं एवढी भांडणं बाई कधी बघितली नव्हती.

तात्यानं ते ऐकलं आणि त्याचा उरलासुरला तोल गेला.

"पत्रावळीचं कोण बोलतंय, म्हातारे? पावडरीचं बोलतोय मी. ह्या वरुट्याचा पैसा आन् माझं डोकं, त्यावर सगळं उभं हाय. शेडं ह्याच्या पैशाची, वकील ह्याच्या पैशाचा. आन् मला टॉवेल-टोपी?"

कार्यालयाच्या चारी भिंतींवर कर्णे होते. बाहेर रस्त्यावर चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जावं म्हणून मीच ते लावून घेतले होते. काका मागं सरकले आणि माईकच्या मशिनकडं गेले, ती बंद करायला. तिथं मठ्ठ्याचा जग घेऊन एक वाढपी उभा होता. तो हलला नाही. फोटोग्राफर मात्र इमानेइतबारे स्टेजवरचं सगळं व्हिडिओत घेत होता, त्याला तेवढंच सांगितलं होतं.

करवलीनं हातातला करा शेजारच्या मुलीकडं दिला. "धर जरा," म्हणाली. मग नथ काढून तिनं ती पदराच्या गाठीत बांधली.

"तात्या, माईक इकडे द्या," ती म्हणाली. "मी फौजदार वैजयंती शिंगाडे. तुमचं सगळं ऐकलंय, व्हिडिओतही आलंय. बाकीचं ठाण्यात सांगा."

तात्यानं पळायला बघितलं असतं, पण पायरीवर दुसरा वाढपी होता, जिलेबीचं ताट घेऊन. पाहुण्यांत तशी पळापळ झालीच. कुणी चपला शोधत होतं, कुणी उरलेली पंगत. आणि मी रिकाम्या हातानं उभा होतो. मेहुण्याचं दुकान मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं.

नंतर वधूच्या खोलीबाहेर हर्षदा मला म्हणाली, "तुम्हाला अंधारात ठेवलं, भोईकाका. रागावू नका."

मी रागावलेलो होतोच. मी म्हटलं, अगं, स्वतःच्या बापाला, आणि आजच्या दिवशी?

ती म्हणाली, "मला कळायला लागल्यापासून मी बाबांना फोनवर ऐकतेय. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं. तिघांनाही तेच, मुख्य तुम्हीच. मी समजावलं, रडले, घर सोडून मावशीकडं गेले. बाबा म्हणायचे, आपण हात कुठं लावतो, नुसता पैसा लावतो. तेही मी सोसलं असतं. पण साखरपुड्यानंतर तात्या घरी आले. केदारची चौकशी केली. कुठल्या रसायनांचं काम करतो, पगार किती. आणि जाताना बाबांना म्हणाले, बाहेरचा माणूस आता कशाला, घरचा केमिस्ट मिळाला. बाबा नाही म्हणाले नाहीत."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज हलला नाही. बापासारखाच बारीक आवाज.

"दुसऱ्या दिवशी मी वैजूला फोन केला," ती म्हणाली. "ती म्हणाली, नुसत्या तुझ्या शब्दावर बाबांना कोर्टात कोण धरणार, त्यांच्या माणसांनीच बोलायला हवं. मग मी म्हटलं, लग्नात बोलतील."

पाठवणीची वेळ झाली. फुलांनी सजवलेली गाडी दारात उभी होती आणि तिच्या मागं पोलिसांची जीप. केदारच्या घरचे लोक निघून जातील असं मला वाटलं होतं. पण केदारचे वडील म्हणाले, अक्षता पडल्यात, सून आमची झाली, आता कशाला मागं फिरायचं. अक्षता पडल्यावरच, असं करवली का म्हणाली होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

काकांनी फौजदारबाईंना एवढंच विचारलं, पाठवणी होईपर्यंत थांबू द्याल का. त्यांनी मान डोलावली. काका दाराशी आले. टोपी किंचित वाकडी झाली होती. हर्षदा त्यांच्या पाया पडली आणि मग तिथंच, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली. तो सगळा धीर कुठल्या कुठं गेला. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते बघवेना, म्हणून मी माईकची वायर गुंडाळायला लागलो.

तेवढ्यात काका माझ्याजवळ आले.

"ते वाक्य हर्षदानं दिलं होतं ना तुला?"

मी खोटं बोलू शकलो नाही आणि खरंही बोललो नाही.

"'मुख्य' म्हणालास, तेव्हाच ओळखलं मी," काका म्हणाले. "त्या तिघांना सोडून तो शब्द घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता." आणि मग, माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, मी वरुटेकाकांना हसताना बघितलं. अगदी थोडं, मिशीतल्या मिशीत. "हुशार आहे. माझ्याकडं बघून शिकली."

मी मान खाली घातली.

"भोई," ते म्हणाले, "आता लपवायचं काय राहिलं? मुलगी निघाली. माझं नाव घे. एकदाच."

मी वायर परत सोडवली आणि माईक चालू केला. माझ्याकडं विशेषणांची कधी वाण नसते. ज्येष्ठ उद्योजक, दानशूर, समाजभूषण, ज्याला जे पाहिजे ते मी लावून देतो. त्या दिवशी एकही ओठावर येईना. लोक दाराशी थांबून बघत होते. हर्षदा गाडीच्या दारात एक पाय आत ठेवून उभी होती.

"मंडळी," मी म्हटलं, "आपल्यामध्ये उपस्थित आहेत हर्षदाचे वडील, श्रीयुत मुरलीधर गणपत वरुटे."

कर्ण्यांतून ते नाव रस्त्यापर्यंत गेलं. काकांनी टोपी सरळ केली. मानाचा पाहुणा करतो तसा त्यांनी चारी बाजूंना वळून नमस्कार केला, सगळ्यात शेवटी गाडीकडं. मग ते स्वतःच जीपमध्ये जाऊन बसले.